दोन निळी जॅकेटं

"हे गळतं," म्हणत वोब्बेने बायकोचं ओलं जॅकेट काउंटरवर टाकलं. "हे तिचं, आणि मी घातलंय ते माझं. दोन्ही इथूनच घेतलेली, एकाच दिवशी. माझं आतून कोरडं ठक्क, आणि ही बनियनपर्यंत भिजलेली!"

बाहेर नोव्हेंबरातला पाऊस आडवा झोडपत होता. समुद्राच्या बांधावरून सायकल हाणणारी साठीपुढची जोडपी आमच्याकडे एकाच ताग्यातून कापल्यासारखी फिरतात. वोब्बे आणि त्याची बायको हिस्केही तशीच, नखशिखांत निळी.

वोब्बेचा संताप उगाच नव्हता. मागच्या हिवाळ्यात हिस्केला न्यूमोनिया झाला होता. पुन्हा अशी गारठली तर थंडी सरेपर्यंत सायकल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दर गुरुवारी मुलीच्या गावी एकट्याने जायचं, ही कल्पनाच वोब्बेला सोसत नव्हती.

दुकानातल्या नीन्केने जॅकेट पुसून उलटं केलं, पाठीच्या कापडाचा खोलगा करून त्यात मगभर पाणी ओतलं आणि खालून हात फिरवला.

"काका, थेंबही खाली आला नाही."

"मग आत पाणी काय भुतांनी ओतलं?"

नीन्केने अस्तर नाकाशी नेलं. "हे पावसाचं नाही. घामाचं आहे. कापड जाड आहे, घामाची वाफ बाहेर जात नाही. आतच गार होते आणि अंग भिजवते."

"मग मला कसा नाही येत घाम?"

"तुमची सायकल कसली?"

"बॅटरीची. बायपासनंतर घेतली."

"आणि काकूंची?"

"तिची साधी. बॅटरी म्हणजे म्हातारपण म्हणते!" वोब्बे हसला. "पण आम्ही कायम बरोबर असतो हं. मी पुढे, वारा अडवायला. ही माझ्या चाकामागे. एक दिवस मागे पडली नाही..."

हसू अर्ध्यावरच राहिलं. तो वळला. हिस्के हातमोज्यांच्या मांडणीपाशी उभी होती आणि एकही हातमोजा बघत नव्हती.

"अगं, मग सांगायचंस ना, हळू चल म्हणून!"

"काय सांगायचं? बायपासनंतर घरात तुझा आवाज नव्हता. त्या सायकलवर बसलास आणि बांधावर शीळ घालायला लागलास. तिथे हळू चल म्हणू?"

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला वोब्बे एवढ्या पावसात आला होता, आणि तेही दुकानातल्या या मुलीसमोर. त्याला मनापासून लाज वाटली.

नीन्केने एक पातळ लाल जॅकेट आणलं. काखेत चेन, पाठीला झडपेखाली जाळी. "यातून वाफ निघून जाते. निघताना थंडी वाजेल, वाजू द्या. थोडं अंतर गेलात की बरं वाटेल. आत लोकरीचं घाला, सुती नको."

"दोन दे," वोब्बे सवयीने बोलला.

"तुला कशाला?" हिस्के म्हणाली. "तू नुसता बसलेला असतोस. गारठशील."

"एक निळं, एक लाल? गाव म्हणेल, यांचं बिनसलं."

"म्हणू दे. गाव नाही येत पॅडल मारायला."

घरी परतताना वारा समुद्राकडून होता. वोब्बेने मोटर अगदी कमी केली आणि पुढे न जाता तिच्या बाजूला, वाऱ्याच्या अंगाला सायकल ठेवली. बांधाच्या चढावर त्याने तिच्या पाठीवर तळवा टेकवला आणि हलकेच ढकललं. लग्नाआधी असं ढकलायचा.

"हात काढ. दमले नाहीये मी."

त्याने काढला. "दमलीस की सांग."

"सांगेन."

चढ संपला. दोघांच्या नाकावरून पाणी ओघळत होतं. वोब्बेने तिच्याकडे वळून बघितलं.

"खरंच सांगशील?"

हिस्केने लाल जॅकेटची टोपी कपाळावर ओढली आणि पॅडल मारत राहिली.