लेहऱ्याची चूक

तिहाई संपली, पण उशिरा. पुढच्या रांगेतल्या जाणत्यांचे हात समेला मांडीवर पडूनही गेले होते, आणि तबल्यावर लक्ष्मीकांतजींची शेवटची थाप मागाहून एकटीच आली.

"भिया, लेहरा पळवू नका," ते माइकवरच म्हणाले.

हार्मोनियमवर हृषीकेश होता, आयोजकांनी दिलेला. "नाही गुरुजी, लय तीच आहे. बिल्कुल तीच," तो हळूच म्हणाला.

एकल तबल्यात पेटीवाल्याचं काम एवढंच. लेहऱ्याची एकच ओळ न हलता फिरवत ठेवायची. तबलजीने मध्ये हव्या तेवढ्या कसरती कराव्यात, पण शेवटी एकच तुकडा तीनदा वाजवून, म्हणजे तिहाई घेऊन, ओळीच्या पहिल्या स्वरावर, समेवर, अचूक येऊन पडावं.

मानपूरजवळच्या अपघातात उजवं मनगट मोडलं, त्यात धातूची पट्टी बसली, त्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच कार्यक्रम. घरी रोज इंदुमती लेहरा धरायची. आजही धरते म्हणाली होती. "बायकोच्या लेहऱ्यावर काय, कोणीही वाजवेल," असं म्हणून त्यांनीच तिला श्रोत्यांत बसवलं. हौस दांडगी!

दुसरी तिहाईही उशिरा आली. तिसरीच्या वेळी पुढच्या रांगेतले ताल धरणारे हात एकेक करून गप्प झाले. कोणी चष्मा पुसू लागलं, कोणी मोबाइलमध्ये बघू लागलं. बिचाऱ्यांनी दयेपोटी मोजणंच सोडून दिलं होतं. लक्ष्मीकांतजींची कानशिलं तापली.

"ये ठीक नहीं है भिया!" त्यांचा आवाज चढला. "रोज घरी याच लयीत वाजवतो मी. एक सम चुकत नाही. इंदू, सांग यांना!"

इंदुमती उभी राहिली. हृषीकेश लालेलाल होऊन पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होता. नवऱ्याची बाजू घ्यावी तर भर सभेत या पोराचं नाव खराब होणार.

"त्यांचा लेहरा बरोबर आहे," ती म्हणाली. मग आणखी हळू आवाजात, "घरी समेला मीच थांबते हो, तुमच्यासाठी."

सभागृह लहान होतं. सगळ्यांना ऐकू गेलं.

लक्ष्मीकांतजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हृषीकेशला हात जोडले. "माफ करा भिया. एक बार और वाजवतो. तुम्ही तुमचं धरा."

"जी, गुरुजी."

लेहरा पुन्हा सुरू झाला. त्यांनी दात आवळून तीच तिहाई घेतली. शेवटच्या बोलांपाशी मनगट जडावलं, हात मागे पडला. आता समेचा स्वर यायला हवा होता. तो आलाच नाही. हृषीकेशने आधीचाच स्वर जरासा लांबवला, आणि थाप पडली तेव्हाच सम दिली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले.

"आली ना सम, गुरुजी!" हृषीकेश हसून म्हणाला.

"हो," लक्ष्मीकांतजी म्हणाले.

त्यांनी उठून डावीकडे नमस्कार केला, उजवीकडे केला. समोर इंदुमती उभी होती. तिकडे मात्र त्यांना बघवलं नाही.