जत्रेतला नाच

चर्चपुढच्या चौकात जूनच्या जत्रेची शेकोटी पेटली, अकॉर्डियन वाजू लागलं आणि शेजारीण झुलेदेने कुमुदिनीबाईंना हात धरून नाचायला ओढलं.

“आई, बस खाली!” निरंजन दबक्या आवाजात म्हणाला. ब्राझीलमधल्या या आडबाजूच्या छोट्या शहरात तो साखर कारखान्यात इंजिनिअर होता. “इथे सगळे मला ओळखतात.”

“मग आता मलाही ओळखतील,” म्हणत त्यांनी पदर खोचला.

पावलं चुकली, चप्पल निसटली, तशा त्या अनवाणीच नाचल्या. धापा टाकत परतल्या तेव्हा निरंजन मोबाइलकडे बघत होता. “कुणीतरी फोटो टाकलाय. काकांनी पाहिला तर?”

“तूच पाठव त्यांना. तुझे बाबा नाहीत म्हणून तुझ्या ताईच्या लग्नात त्यांनी मला मांडवात बसू दिलं नव्हतं. पाठव, आणि सांग, आई परत नाचायला गेली.”