तोंडी परीक्षा

२०१९चा जुलै होता. नेदरलँड्समधल्या न्यूनेनच्या घरात माळ्यावरची खोली भट्टीसारखी तापली होती, तरी मृणालिनी तिथेच बसून डचचा अभ्यास करायची. तोंडी परीक्षा चार दिवसांवर आली होती. "आज तरी खाली बस," असं विनय सकाळी निघताना म्हणाला, तेव्हा ती हसली. "अरे, मी नागपूरची आहे. यांचे चाळीस डिग्री मला काय करणार?"

दुपारी राहवेना म्हणून त्याने ऑफिसातून फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. तिसऱ्यांदा मात्र तिने फोन घेतला आणि एकदम भरभर बोलत सुटली. त्याला एक शब्द कळला नाही, पण जीव भांड्यात पडला.

"आता माझ्याशीही डचच का?" त्याने विचारलं. ती थांबेचना. त्याला कौतुकच वाटलं. शेजारी बसणाऱ्या योस्टला तो म्हणाला, "ऐक, माझी बायको तुझी भाषा किती सफाईने बोलायला लागलीय." आणि त्याने फोन स्पीकरवर टाकला.

योस्ट हसत पुढे वाकला. ऐकता ऐकता त्याचं हसू मावळलं.

"तिच्याजवळ घरी कोणी आहे?"

"नाही. का? काय म्हणतेय ती?"

योस्टने घाईने स्वतःचा फोन उचलला.

"विनय, हे डच नाही. ही कुठलीच भाषा नाही. घरचा पत्ता सांग, मी ॲम्ब्युलन्स बोलावतो."