तीनच्या बातम्या

"हा वाऱ्याने फिरलेला नाही, काका," वायरमन गच्चीवरच्या अँटेनाचा पाइप धरून म्हणाला. "वारा काही नट आवळत नाही."

ड्रायव्हरसाहेब कठड्यापलीकडे बघत राहिले. बस सोडून त्यांना चार वर्षं झाली होती, पण गल्लीत नाव तेच चालू होतं. सकाळी टीव्हीवरचं चित्र गेलं म्हणून त्यांनीच वायरमनला बोलावलं होतं. वायर उंदराने कुरतडली होती. पाच मिनिटांचं काम. ते झालं, तरी हा गडी अँटेना न्याहाळत उभा.

"आपलं टीव्ही केंद्र टेकडीवर, आणि याचं तोंड नदीपलीकडे. पलीकडच्या शहराचं चॅनेल धरलंय का?"

"मॅच लागतात तिकडे," साहेब पुटपुटले.

"लागतात ना. पण एका अँटेनात दोन्ही येणार नाहीत. मग काकू खुणांच्या बातम्या कुठे बघतात? तीन वाजताच्या?"

साहेबांनी चटकन मागे पाहिलं. जिन्याच्या दारात बायको उभी होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. असं दचकून बघण्याची आपल्याला गरज नव्हती, हे लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"त्या बंद झाल्या," ते हळूच म्हणाले.

"बंद कुठे? माझी मावशी रोज बघते. त्या वेळी घरात कुणी तिच्यासमोरून जात नाही."

सात महिन्यांपूर्वी हेच त्यांनी पाटीवर लिहून बायकोला दाखवलं होतं: 'कार्यक्रम बंद झाला.' तिने ते दोनदा वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने केंद्राला चार पानी पत्र लिहिलं, कार्यक्रम पुन्हा सुरू करा म्हणून, आणि पेटीत टाकायला त्यांच्याच हातात दिलं. ते पत्र अजून कपाटात, त्यांच्या शर्टांखाली होतं. तेव्हापासून तीन वाजले की ती त्यांच्या शेजारी येऊन बसे आणि मुकाट्याने मॅच बघे.

"बोला काका. इकडे की तिकडे?" वायरमनने पाना नटावर चढवला.

'तिकडेच राहू दे' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. साहेबांनी हाताने टेकडी दाखवली.

खाली येऊन वायरमनने टीव्हीची चॅनेलं नव्याने शोधायला लावली. तीन वाजून गेले होते. पडद्यावर एक बाई आली आणि तिचे हात भराभर चालू लागले. बायको चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली. कप तिने हाताला लागेल तिथे, खिडकीत ठेवले आणि खुर्ची पुढे ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसली. चहाचं कुणी नावही काढलं नाही.

"परत वारा सुटला तर कळवा, काका," चपला घालता घालता वायरमन म्हणाला. त्याने हे हसून म्हटलं असतं तरी बरं वाटलं असतं.

साहेबांनी पाटी घेतली. 'वाऱ्याने' एवढं लिहिलं आणि बोटाने पुसून टाकलं. मग लिहिलं, 'अँटेना मीच फिरवला होता. पत्र टाकलं नाही.' अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी पाटी तिच्यापुढे धरली.

तिने ती वाचली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तळहाताने पाटी स्वच्छ पुसून तिने त्यांना परत दिली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

बातम्या संपत आल्या. पडद्यावरच्या बाईने निरोपाचे हात जोडले, तसे हिचे हात उठले. ती त्या बाईला काहीतरी सांगू लागली. घाईघाईने, पुन्हा पुन्हा, बाई पडद्यावरून गेल्यावरही. एवढं बोलताना साहेबांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी शिकलेल्या खुणा म्हणजे जेवण, चहा, दार लाव, झोप. त्यातली एकही या बोलण्यात नव्हती.

फक्त मधूनमधून तिचं एक बोट मागे वळे आणि त्यांच्यावर येऊन थांबे. तेवढं त्यांना कळत होतं.