पावसाची टीम

सहावा प्राणी सोडून देताना मंगलचं बोट क्षणभर थांबलं. तो निळा बेडूक होता. टॅबवर प्रश्न आला, 'नक्की सोडायचं?' तिनं 'हो' दाबलं. बेडकानं हात हलवला, तो उड्या मारत गवताकडं गेला आणि जाताना त्यानं एकदा मागं वळून बघितलं.

"आता कर अभ्यास," मंगल लेकीला म्हणाली.

बारावीच्या सराव परीक्षेत उत्कर्षा फिजिक्सला कशीबशी पास झाली होती. टॅब अभ्यासासाठी घेतलेला. पण मंगलनं कधीही उघडावा, तर आत चित्रविचित्र प्राण्यांच्या झुंजी. कोण खेळतं म्हणून विचारलं की उत्कर्षा आधी बापाकडं बघायची, मग मान खाली घालून म्हणायची, "मीच." आज मात्र तिचा चेहरा पडला. "आई, काय केलंस हे?" एवढंच बोलून ती अंगणात गेली. तिथं हंबीरराव गाडी पुसत होते.

हंबीरराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळ गाव साताऱ्याकडचं, आता कुपवाडच्या एका कारखान्यात सिक्युरिटीचं काम बघायचे. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोटात जळजळतंय म्हणाले. मंगलनं ओळखलं, लेकीसाठी जीव तुटतोय.

"आवं, तुमीच लाडावून ठेवलीय तिला," ती म्हणाली.

"तिला बोलू नगंस. तिची काय चूक न्हाई," असं म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

टॅब मंगलनं आपल्या शिलाई मशीनजवळ ठेवून घेतला. दोन-चार दिवसांनी शेजारची संयोगिता ब्लाऊजचं माप द्यायला आली. ती स्वतः इंजिनिअरिंगला शिकत होती आणि हाच खेळ खेळायची. टॅबवर खेळाडूचं 'वळीव' हे नाव दिसताच ती मटकन खाली बसली.

"काकू, हा वळीव तुमच्या घरातला? मी किती वेळा हरलीय याच्याशी. उत्कर्षा हाय व्हय ही? कधी बोलली न्हाई ती."

सांगलीला मोठी स्पर्धा होती आणि खेळाडूंच्या यादीत वळीवचं नाव होतं, हेही तिनंच सांगितलं. वळीवची पावसाची टीम सगळ्यांना धडकी भरवायची. पण आत एकही प्राणी दिसेना, तेव्हा तिनं मंगलकडं बघितलं. मंगलनं सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या जाईना.

"मी सोडून दिले," ती शेवटी म्हणाली.

संयोगितानं टॅब हळूच मशीनजवळ परत ठेवला. ती काहीतरी बोलली असती तर बरं, असं मंगलला वाटलं.

त्या दिवसापासून तिला लेकीकडं सरळ बघवेना. उत्कर्षा रुसली नाही, भांडली नाही. मुकाट्यानं अभ्यासाला बसायची, उठून आईला चहा करून द्यायची. तो चहा मशीनजवळ तसाच निवून जायचा. पोरीनं कुणाला न सांगता एवढं उभं केलं आणि आपण ते बसल्या जागी पुसलं, हेच डोक्यात घोळायचं. माफी मागायला तोंड उघडायची आणि भाजीचं विचारायची.

मग तिनं संयोगिताला गळ घातली. उत्कर्षाला काही कळू द्यायचं नाही, पण टीम पुन्हा उभी करायची.

दुपारी घर रिकामं असताना दोघी बसायच्या. प्राणी पकडायचे, शिकवायचे, लढवायचे. संयोगितानं सगळं उलगडून सांगितलं. बेडूक मैदानात उतरला की पाऊस सुरू होतो. पावसात मासा दुप्पट वेगानं धावतो, पाण्याच्या माऱ्याला जोर चढतो, आणि एरवी हुकणारी वीज नेमकी डोक्यावर पडते. पण तो पाऊस थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात काम झालं पाहिजे.

पहिल्या दिवशी मंगलनं बेडूक शेवटी ठेवला. कोरड्या मैदानात मासा लगेच आडवा झाला.

"काकू, समोरच्यानं ऊन पाडलं तर?" संयोगितानं एकदा विचारलं.

"तर पुन्हा पाऊस पाडाय दुसरा कोणतरी मागं राखून ठेवायचा," मंगल म्हणाली. म्हणजे आता तिलाही कळायला लागलं होतं. ब्लाऊज मागं पडले, बायका तगादा लावू लागल्या. एकदा ती ऊन पाडणाऱ्या टीमला हरवून खुदकन हसली आणि लगेच ओशाळली. हे हसू पोरीचं होतं. आपण ते हिसकावून घेतलं होतं.

हंबीररावांचं मात्र जेवण तुटलं ते तुटलंच. रविवारी गुडघ्याच्या इलाजाला मिरजेला जायचे, तेही बंद केलं. लेकीसाठी माणूस किती झुरावा, असं मंगलला वाटे. त्यांच्यासमोरही तिची मान वर होईना.

स्पर्धेचा रविवार उजाडला. उत्कर्षा पुस्तक उघडून बसली होती. हंबीरराव दारात पेपर वाचत होते. मंगलनं हात पुसले, टॅब आणला आणि लेकीच्या पुढ्यात ठेवला.

"सहाच्या सहा परत आणलेत," ती म्हणाली. "संयोगितानं शिकवलं. माझी लय मोठी चूक झाली, बाळा. तुला इचारायला पायजे व्हतं मी. जा सांगलीला. खेळ."

उत्कर्षानं पडद्यावरचा बेडूक बघितला, मासा बघितला. तिचे डोळे भरले. पण टॅबला तिनं हात लावला नाही. ती दाराकडं बघत राहिली.

हंबीररावांनी पेपरची घडी घातली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन, बायकोकडं न बघता, त्यांनी पायांत बूट चढवायला घेतले.

"आण हिकडं," ते म्हणाले. "अकराला मॅच हाय माझी."