आडवे शब्द

"अर्धं कोडं कोरं ठेवायचं आणि वर पेपर जपून ठेवायचे. रद्दी द्यायची कधी मी?" चहा गाळता गाळता मंजुळाबाई पुटपुटल्या.

चांगदेवरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पेपरातल्या गूढ कोड्याची त्यांची आणि सुनेची वाटणी ठरलेली होती. उभे शब्द त्यांचे, आडवे वैशालीचे. आणि उत्तर कसं आलं ते समजावल्याशिवाय लिहायचं नाही. दिवाळीत वैशाली कळव्याला माहेरी गेली, तेव्हापासून आडवे शब्द तसेच राहत होते. "येईल चार दिवसांनी," असं होळी आली तरी घरात सगळे म्हणत होते.

मंजुळाबाईंनी कप ठेवला आणि त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आडवा सात. नदी उलटी फिरली आणि गरीब झाली. 'नदी' उलटं वाचलं की 'दीन'. दीन म्हणजे गरीब. बरोबर?"

"बरोबर. पण तो वैशालीचा आहे, राहू दे."

समोर बसलेल्या रत्नदीपने मोबाइलमधून मान वर काढली नाही. मुलाकडे एकदा बघून मंजुळाबाईंनी सावकाश 'दीन' लिहिलं.

"अहो, ती आता परत यायची नाही."