निकालाचा पेढा

फ्रीझरमधल्या त्या एकुलत्या पेढ्यावर बर्फाचा बारीक थर चढला होता. वरची केशराची काडी जेमतेम दिसत होती.

अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये यामिनी ज्यांच्या घरी भाड्याने राहायची, त्या एस्तेरमावशींचा तो पेढा. युद्धात ज्या शेजाऱ्याने लिथुआनियातल्या त्यांच्या गावात नाझींना ज्यूंची घरं दाखवली, तो म्हातारपणी याच शहरात सापडला. मावशींनी साक्ष दिली. २००४ साली कोर्टाने त्याला देशाबाहेर काढायचा हुकूम दिला. निकाल लागला म्हणजे पेढे हवेतच, म्हणून यामिनी डबा घेऊन आली होती.

"तो विमानात बसला की खाईन," मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या. टोरंटोचा भाचा कायमचं राहायला बोलवायचा, त्यालाही त्यांचं एकच उत्तर असे, "आधी तो जाऊ दे."

"मावशी, तीन वर्षं झाली. दगड झालाय याचा, टाकू का?" यामिनीने विचारलं.

मावशी नुकत्याच दुकानातून रिकाम्या हाताने परतल्या होत्या. ब्रेडच्या काउंटरपाशी आजही तोच म्हातारा उभा होता. सकाळीच वकिलाने फोनवर सांगितलं होतं, की कुठलाच देश त्याला घ्यायला तयार नाही. आता तो मरेपर्यंत इथेच, स्वतःच्या घरात राहणार.

मावशींनी तिच्या हातातून पेढा घेतला आणि तसाच, गोठलेला, तोंडात टाकला.



"भाच्याला फोन लाव गं. मी जाते."